पळीवाढा साबण

दिवाळीत साताऱ्याला आईकडे जाताना फराळाच्या डब्यांसोबत मी एक बाटली नेली होती. घरी केलेल्या, हात धुवायच्या साबणाची. खोबरेल आणि एरंडेलाचा साबण, वर वाळ्याच्या अत्तराचे चार थेंब, रंग फिक्या मधासारखा आणि बाटलीच्या पलीकडची भिंत दिसेल इतका नितळ. मानेला सुतळी बांधून त्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठीसुद्धा लावली होती, आता सांगताना लाज वाटते. आईनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला, चिठ्ठी वाचली, झाकण उघडून वास घेतला, ‘छान आहे हो’ म्हणाली. मग तिनं जे केलं ते मी जन्मापासून पाहत आले आहे, फक्त साबणाच्या बाबतीत कधी पाहिलं नव्हतं. डाव्या अंगठ्याच्या नखावर तिनं एक थेंब घेतला आणि अंगठा हळूच तिरका केला. थेंब जराही न रेंगाळता घसरला, मनगटावर गेला आणि तिथून पदरावर.

“पाणी घातलंस का गं?”

सगळे हसले, मीही हसले. वहिनीनं लगेच त्याच साबणानं हात धुवून ‘फेस केवढा येतोय बघा’ म्हणून माझी बाजू सावरली. पण परतीच्या वाटेवर खंबाटकीच्या बोगद्यापाशी गाडी रांगेत अडकली तेव्हा ते वाक्य पुन्हा वर आलं. पाणी तर होतंच त्यात. लिक्विड साबणात पाणी नसेल तर तो लिक्विड कसा होईल? पण मराठीत ‘पाणी घालणं’ हे काही नुसतं विधान नाही, तो आरोप आहे. आमच्या लहानपणी दूध घालायला येणाऱ्या भैयासमोर आई रोज नखावर थेंब घ्यायची. दाट दुधाचा थेंब नखावर टिकतो, घसरलाच तर मागे पांढरी रेघ ठेवून जातो, पाणी घातलेल्या दुधाचा पळून जातो, असं तिचं शास्त्र. थेंब पळाला की ती काही बोलायची नाही, फक्त भैयाकडे बघायची, आणि तो ‘म्हैस आटली आहे, ताजी गाभण आहे’ असलं काहीतरी पुटपुटायचा. त्या दिवशी तिनं माझ्याकडे तसंच पाहिलं होतं. आणि माझ्याकडे तर म्हैससुद्धा नव्हती.

साबण करायचा नाद मला टाळेबंदीच्या वर्षी, 2020 मध्ये लागला. तेव्हा सगळं जगच दिवसातून वीसदा हात धुत होतं. आधी वड्या केल्या, त्या जमल्या, मग लिक्विडची हौस आली. वड्यांना कॉस्टिक सोडा लागतो, लिक्विडला कॉस्टिक पोटॅश. तेल तेच, क्षार बदलला की साबण कडक होण्याऐवजी मऊ होतो आणि पाण्यात चटकन विरघळतो. रविवार पेठेतल्या एका दुकानातून पोटॅशच्या पांढऱ्या पापड्या आणल्या. दुकानदारानं ‘साबणाला का? चष्मा घाला मॅडम’ असं न विचारता सांगितलं. 350 ग्रॅम खोबरेल, 150 ग्रॅम एरंडेल, 90 टक्के शुद्धतेचं पोटॅश 126 ग्रॅम. पातेलं स्टीलचंच हवं, ॲल्युमिनियमला हा क्षार खाऊन टाकतो. आणि पोटॅश पाण्यात सोडायचं, पोटॅशवर पाणी ओतायचं नाही. पाणी हात न लावताच तापतं, चुरचुर आवाज करतं, आणि पहिल्यांदा ऐकताना पोटात गोळा येतो. मग ते तेलात मिसळून वाफेवर शिजवत बसायचं. आधी ते पातळ कढीसारखं असतं, मग श्रीखंडासारखं, मग चिक्कीच्या पाकासारखं ओढलं जातं, मग इतकं घट्ट होतं की लाकडी चमचा मधोमध उभा राहतो आणि ढवळणारीचा दंड भरून येतो. दोन-तीन तासांनी त्या पांढऱ्या गोळ्याला कडेनं काचेसारखा पारदर्शकपणा यायला लागतो. सगळा गोळा व्हॅसलीनसारखा दिसायला लागला की साबण शिजला. त्यातला बोराएवढा तुकडा गरम पाण्यात टाकून बघायचा. पाणी नितळ राहिलं तर जमलं, गढूळ झालं तर तेल कच्चं आहे.

इथपर्यंत सगळं घट्टच असतं बरं का. पंचाईत पुढे होते. या गोळ्यात पाणी घालून तो सैल करायचा असतो. थोडं पाणी घातलं की गोळा तसाच, वर सायीसारखा एक जाड थर आणि खाली पाणी. आणखी थोडं घातलं तरी साय हटत नाही. रात्रभर झाकून ठेवलं, सकाळी पुन्हा थोडं घातलं, आणि मग एका क्षणी ती साय विरघळते ती थेट पाण्यासारखी होऊन. मधला थांबा नाहीच. आपल्याला हवं असतं ते हातावर बसणारं, बोटांमधून न पळणारं काहीतरी, आणि खोबरेलाच्या साबणाला ते मान्य नसतं. एक तर गोळा, नाही तर पाणी.

या ‘मधल्या’ गोष्टीला आपल्याकडे केवढे शब्द आहेत! पातळ आणि घट्ट ही तर फक्त दोन टोकं. त्यांच्यामध्ये सरसरीत आहे, दाटसर आहे, आसट आहे, गरगट आहे, गिच्च आहे. भजीचं पीठ सरसरीत, धिरड्याचं त्याहून जरा सैल. भात आजाऱ्यासाठी आसट आणि पंगतीसाठी मोकळा. आणि माझा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे पळीवाढं. पळीनं वाढता येईल असं. चमच्यानं खायचं म्हणावं इतकं घट्ट नाही, वाटीनं प्यायचं म्हणावं इतकं पातळ नाही, पळीतून पडताना एक जाड, सलग, चकचकीत धार पडावी आणि पानात पडल्यावर शेजारच्या भाजीत न जाता आपल्या जागी बसावं. बाजारातल्या हँडवॉशच्या बाटलीतून येतं ते नेमकं पळीवाढं असतं. प्रयोगशाळेत त्याला मोजायची यंत्रं असतील, पण आईला पिठल्याकडे नुसतं बघून ते कळतं, आणि मला साडेचार वर्षं साबण करूनही कळत नव्हतं.

आमच्या घरी पातळ साबण म्हणजे बाबांची बाटली होती. अंगाच्या साबणाच्या वड्या झिजून पापडासारख्या झाल्या की बाबा त्या टाकू द्यायचे नाहीत. खोकल्याच्या औषधाच्या मोठ्या रिकाम्या बाटलीत ते सगळे तुकडे गोळा व्हायचे, त्यावर गरम पाणी. दुसऱ्या दिवशी त्याचा एक भयंकर पदार्थ झालेला असायचा. गुलाबी, हिरव्या, पांढऱ्या साबणांचा मिळून आलेला राखाडी रंग, आणि बाटली उलटी केली की आधी काहीच नाही, मग एकदम लिबलिबीत लोंबता गोळा, जो तोडावा तरी तुटत नाही. सर्दी झालेल्या मुलाच्या नाकाची उपमा आम्ही भावंडं द्यायचो आणि आईच्या हातचा धपाटा खायचो. आता कळतं की वडीच्या साबणाला पाण्यात घातलं की तो असाच थिजतो, त्यात बाबांचा काही दोष नव्हता. पण तेव्हा मोरीतली ती बाटली मैत्रिणींना दिसू नये म्हणून मी ती बादलीमागे सरकवायची. आणि त्याच मोरीत, शेजारच्याच कोनाड्यात, आजीचा रिठ्याच्या पाण्याचा गडू असायचा. रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून घेतलेलं तांबूस पाणी. त्यात ती तिची एकुलती एक पैठणी आणि मंगळसूत्र धुवायची. ते तर अगदीच पाणी. नखावर काय, कुठंच ठरायचं नाही. पण रिठ्यात पाणी घातलंय का असं आईनंही कधी विचारलं नव्हतं.

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा बचत गटाच्या एक मावशी फिनेल आणि भांड्यांचा साबण घेऊन येतात. दिवाळीनंतर त्या आल्या तेव्हा मी माझं दुखणं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी माझी बाटली हातात घेतली आणि वास नाही, रंग नाही, आधी ती उलटी केली. आतला हवेचा बुडबुडा सर्रकन वर गेला. “हे बघा ताई,” त्या म्हणाल्या, “गिऱ्हाईक हेच बघतं. बुडबुडा कसा सावकाश, झोपेत असल्यासारखा वर गेला पायजे. पळाला की माल हलका.” मग त्यांनी त्यांची बाटली उलटी केली. बुडबुडा खरंच आळोखेपिळोखे देत वर निघाला. मी दुकानात किती वेळा बाटल्या उलट्या करून पाहिल्या असतील! ते मी कशासाठी करत होते हे मला त्या दिवशी कळलं. दुधाचा थेंब आणि साबणाचा बुडबुडा, परीक्षा एकच.

“यात काय घालता?”

“मीठ,” त्या म्हणाल्या, इतक्या सहज की मला आधी चेष्टा वाटली. “पाण्यात इरघळवून, थोडं थोडं. दाट झालं की थांबायचं. हावरटपणा केला की परत पाणी.”

चेष्टा नव्हती ती. त्या वापरतात त्या तयार फेसाच्या रसायनाला, एसएलईएसला, मीठ खरंच घट्ट करतं. साबणाच्या प्रत्येक रेणूला पाण्यावर जीव असलेलं एक डोकं असतं आणि तेलावर जीव असलेली एक शेपटी. पाण्यात हे रेणू शेपट्या आत, डोकी बाहेर अशा गोल लाडवांमध्ये बसतात. सगळ्या डोक्यांवर एकाच जातीचा विद्युतभार, त्यामुळे ती एकमेकांना ढकलत असतात. मीठ त्यांच्यातलं भांडण मिटवतं. मग ती दाटीवाटीनं बसू शकतात, आणि लाडवांच्या शेवया होतात. लांबच लांब, एकमेकींत अडकलेल्या शेवया. दाटपणा म्हणजे तो गुंता. मीठ आणखी वाढवलं तर शेवयांना फांद्या फुटतात, त्या एकमेकींवरून घसरायला लागतात आणि सगळं पुन्हा सैल पडतं. मावशींच्या ‘हावरटपणा’मागे एवढं सगळं आहे. मला हे वाचून कळलं, त्यांना पिंपात काठी फिरवून.

मी घरी येऊन माझ्या साबणात मीठ घातलं. काही नाही. आणखी घातलं. काही नाही. खोबरेलातली मुख्य शेपटी बारा कार्बनांची, आखूड, तिला मिठाचा फारसा फरक पडत नाही. ऑलिव्हच्या तेलाचा साबण असता तर तिथली शेपटी अठरा कार्बनांची, तो मिठानं दाटला असता. खोबरेलाचा साबण इतका खारट कातडीचा की समुद्राच्या पाण्यातसुद्धा फेसाळतो, म्हणून जहाजावरची माणसं तोच वापरत. हे मला आधी वाचायला हवं होतं. मी हट्टानं मीठ घालत गेले आणि एका चमच्याला, काय सांगू, साबण फाटला. दूध फाटतं तसा अक्षरशः फाटला. वर पांढरा चोथा, खाली खारट पिवळट निवळी. जुने साबणवाले मुद्दाम असं मीठ घालून साबण वेगळा काढत, तेव्हा मी काही नवीन केलं नव्हतं, फक्त नको तेव्हा केलं होतं. दीड किलो साबण मी त्या रविवारी बादलीत ओतून गच्ची धुतली. गच्ची फार सुंदर निघाली.

मग गवार. गवारीच्या शेंगांची भाजी मला कधीच आवडली नाही, पण तिच्या बियांचं पीठ, गवार गम, पाण्यात पडलं की आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं. राजस्थानातल्या वाळूत पिकणारी ही गवार 2012 च्या सुमाराला एकदम सोन्याच्या भावाला गेली होती, कारण अमेरिकेत खडक फोडून वायू काढायला जे पाणी जमिनीत सोडतात ते दाट करायला तीच लागते. तर ती मी लिटरला दहा ग्रॅम या हिशेबानं साबणात भुरभुरली आणि ब्लेंडर फिरवला. गुठळ्या. छोट्या-छोट्या, माशाच्या डोळ्यांसारख्या, बाहेरून बुळबुळीत आणि आत कोरडं पीठ. गाळणीतून दाबल्या तरी जाईनात. आईला फोन लावला, दुसऱ्याच कशासाठी तरी, आणि बोलता बोलता तक्रार केली. ती म्हणाली, “कोरडं पीठ आधणात टाकल्यावर गुठळ्याच होणार. पिठलं कधी केलं नाहीस का? आधी कशात तरी कालवून घे.” कशात? पाण्यात कालवलं तर तिथंच गुठळ्या होणार. पण ग्लिसरीन! ग्लिसरीनमध्ये ते फुगत नाही, नुसतं कालवलं जातं, प्रत्येक कण सुटा, आणि मग ती पेस्ट पाण्यात सोडली की गुठळीला वावच नाही. मी हे आईला सांगितलं तर ती ‘मग मी काय वेगळं म्हटलं’ म्हणाली, आणि खरंच नव्हतं म्हटलं.

गवारीचा साबण दाटला, पण जरा गढूळ दिसला, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला आंबूस वास आला. पीठच ते, शेवटी कोणीतरी खाणारच. त्यानंतर झँथन गम. हा आईस्क्रीममध्ये, सॉसमध्ये सगळीकडे असतो. त्याची जन्मकथा वाचताना मात्र मी थबकले. 1960 च्या आसपास अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो शोधला, आणि तो बनवणारा जिवाणू कोबीवर रोग पाडणारा. पुढे त्या रोगाचं वर्णन. पानाच्या कडेला इंग्रजी व्ही अक्षरासारखे पिवळे डाग, शिरा काळ्या पडतात, गड्डा सडतो. हे मला वाचायची गरज नव्हती. माझ्या मामाच्या जुन्नरजवळच्या रानात हे मी पाहिलं होतं. त्याला तो ‘घाण्या’ म्हणायचा, कारण एक गड्डा सडला की सगळ्या रानाला तो वास. एका पावसाळ्यात घाण्यानं त्याचा अख्खा कोबी गेला होता. मामी ओट्यावर डोक्याला हात लावून बसली होती आणि आम्ही सुट्टीला गेलेली पोरं नाक दाबून हसत होतो. तो जिवाणू पानाच्या शिरांत जो चिकट रस सोडतो आणि पाण्याची वाट बुजवतो, तोच रस आता वाळवून, पांढरीशुभ्र पूड करून, पन्नास ग्रॅमच्या पाकिटात माझ्या ओट्यावर होता. मी तो ग्लिसरीनमध्ये कालवला. साबण नितळ राहिला, बुडबुडा थांबला. पण हातावर घेतल्यावर लोंबायला लागला, बाटलीपासून तळव्यापर्यंत एक न तुटणारी तार. बाबांची बाटली! चाळीस वर्षांनी मोरीतून निघून ती माझ्या किचनमध्ये आली होती. हे मी कोणाला देऊ शकले नसते. कोबीचं कारण होतंच, पण आता वाटतं, मुख्य कारण ती तार होती.

शेवटी जमलं ते सेल्युलोजनं. लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून केलेली पूड, हायड्रॉक्सिएथिल सेल्युलोज, नाव घेताना जीभ अडखळते म्हणून मी तिला डब्यावर ‘कापूस’ असं लिहून ठेवलं आहे. हिची गंमत अशी की साध्या गार पाण्यात भुरभुरली तर ती लगेच फुगत नाही. नुसतं ढवळत राहायचं, पाणी पाण्यासारखंच, वाटतं की पुन्हा फसलो. मग त्यात साबण ओतायचा. साबण अल्कधर्मी, आणि ही पूड अल्कधर्मी पाण्याचीच वाट बघत असते. मिनिट गेलं, दोन गेली. चमच्याला आधी काही जाणवलं नाही. मग हाताला जरासं जड लागलं, जसं कोणीतरी खालून चमचा अलगद धरून ठेवावा. मग चमच्यामागे रेघ उमटायला लागली आणि लगेच बुजायला लागली. मग रेघ जरा थांबून बुजायला लागली.

हे मी आधी कुठंतरी केलेलं होतं. उन्हाळ्यात, अंगणात, विटांच्या चुलीवर. कुरडयांचा चीक. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून, वरची निवळ काढून खाली बसलेला पांढरा चीक, खाली उकळतं आधण, त्यात मीठ आणि हिंग. आई धार धरायची आणि मी दोन्ही हातांनी चाटू फिरवायची, एकाच दिशेनं, कारण दिशा बदलली तर गुठळी होते आणि गुठळी झाली तर सोऱ्यात कुरडई तुटते, आणि कुरडई तुटली तर ते माझ्यामुळे. धूर डोळ्यांत, घाम मानेवर. आधी चाटू मोकळा फिरायचा, मग एका क्षणी जड व्हायचा, तो क्षण हाताला आधी कळायचा, डोळ्यांना नंतर. पांढरा चीक कडेनं काचेसारखा व्हायला लागायचा. आई म्हणायची, “आता सोडू नकोस.” आणि सगळं झाल्यावर पातेल्याच्या बुडाला राहिलेला गरम चीक दूध-साखर घालून वाटीत मिळायचा, तो मजुरी म्हणून. ओट्याशी उभी राहून साबण ढवळताना माझ्या तोंडाला खरोखर पाणी सुटलं होतं. वाळ्याच्या वासाचा साबण होता तो. कुणाला सांगायची सोय नाही.

आत अडकलेली हवा निघायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत ठेवलेली बाटली एखाद्या भिंगासारखी दिसत होती. उलटी केली. बुडबुडा जांभई देत उठला. पंपातून जाड, सलग, चकचकीत धार आली आणि तळहातावर बसून राहिली. पळीवाढी. बचत गटाच्या मावशींनी दोन्ही भुवया उंच करून ‘आता झाला माल’ म्हटलं. शेजारच्या काकूंनी रिकामी बाटली परत आणून दिली, म्हणजे आणखी हवा आहे. मैत्रिणीनं विचारलं, विकत का नाहीस? सगळ्यांचं एकच म्हणणं, आता कसा अस्सल वाटतो. आधीचा जरा पाणचट होता.

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला, तो मांडायला नको होता. दिवाळीच्या बाटलीत, जिच्यात ‘पाणी घातलं होतं’, साबण साधारण चौथा हिस्सा होता. या नव्या बाटलीत सहाव्या हिश्शाच्या जेमतेम वर. ‘कापूस’ फुलवायला मी लिटरभर पाणी जास्तीचं घातलं होतं. तेवढ्याच तेलात आधी दोन किलो साबण व्हायचा, आता तीन किलो झाला. म्हणजे पाणी मी आता घातलं होतं, खरोखरीचं, भैयासारखं, आणि ते दिसू नये म्हणून त्यात कापूस कालवला होता. आणि आत्ताच लोक खूश होते. हात तेवढेच स्वच्छ होत होते, कारण आपण एरवी गरजेपेक्षा जास्तच साबण घेतो, आणि दाट साबण निदान बोटांतून सांडत नाही, हेही खरं. मी स्वतःला ते समजावलंही. पण त्या आठवड्यात काकूंना बाटली देताना मी उगीचच ‘यात साबण जरा बेताचाच आहे हं’ असं म्हणून गेले, आणि त्यांना वाटलं मी विनयानं बोलते आहे.

आई स्वतः काय करायची? अवेळी पाहुणे आले की ती आमटीत तांब्याभर पाणी ढकलायची, वर तिखट, मीठ, गुळाचा खडा, आणि आमटी पांगळी वाटू नये म्हणून चमचाभर बेसन कालवून लावायची. तेही आधी गार पाण्यात, गुठळी न होऊ देता. चार माणसांची आमटी सात जणांना पुरायची आणि पाहुणे ‘वहिनी, आमटी फर्मास’ म्हणून भुरके मारायचे. ती त्या वेळी माझ्याकडे बघायची, आणि मी ताटाकडे. आमच्या घरात पाणी घालणं हा गुन्हा होता तो फक्त बाहेरच्यांनी केला तर.

चैत्रात साताऱ्याला गेले. नवी बाटली महिन्यापूर्वीच भावाबरोबर पाठवली होती. फोनवर आईनं ‘आता बरा दाट झालाय’ एवढं प्रमाणपत्र दिलं होतं. हात धुवायला गेले तर बाटली अर्धी, आणि आतला रंग मला ओळखू येईना, फिका, फिका मध सोडून लिंबाच्या सरबताचा. उलटी केली. बुडबुडा सर्रकन वर.

“आई, यात पाणी घातलंस?”

“मग काय!” ती स्वयंपाकघरातून म्हणाली. “फार घट्ट होता तो. भांडीवाली एकदा पंप दाबते आणि ढीगभर घेते. आता कसा, महिनाभर जाईल.”

“अगं, असं पाणी घातलं की खराब होतो तो.”

“खराब व्हायला उरतोय कुठं?”

आता तिच्यानं कुरडया होत नाहीत, पण नातीनं हट्ट धरला म्हणून तिनं वाटीभर गव्हाचा चीक शिजवला होता. चाटू नाही, गॅस, आणि नॉनस्टिकचं भांडं. मी बसले. तिनं चीक वाटीत घातला, त्यावर साखर, वरून दूध ओतलं. मग पातेलं तसंच हातात धरून ती दुधाकडे बघत राहिली.

“पातळ वाटतंय का गं हे?”